पिएर सेरेसोल : परक्या गावात घरं बांधणारा माणूस

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत सोसायटीचा इतिहास येईलच. प्लॉट कसा मिळाला, पहिली कमिटी कोणाची, बोअरला पाणी कधी लागलं, पहिल्या पावसाळ्यात कोणाकोणाच्या भिंतींना ओल आली, हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं सांगणारी मंडळी आपल्याकडे आहेत. संपादक मंडळाने मला सांगितलं की घर या विषयाला धरून काहीही लिहा. म्हणून मी एका अशा माणसाबद्दल लिहितो आहे, ज्याने दुसऱ्यांची घरं बांधली, तीही परक्या मुलखात, एक पैसा न घेता, आणि पन्नाशी उलटल्यावर त्यासाठी थेट बिहारच्या खेड्यात येऊन राहिला. पिएर सेरेसोल. स्वित्झर्लंडमध्ये आणि जगभरच्या स्वयंसेवकांच्या चळवळीत हे नाव फार मोठं आहे. आपल्याकडे गांधीजींच्या काळावर वाचणाऱ्यांनी ते कुठेतरी ओझरतं पाहिलेलं असतं, पण बाकीच्यांना ठाऊक नसतं.

त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७९ रोजी लोझान शहरात झाला. घर साधंसुधं नव्हतं. वडील पॉल सेरेसोल हे कायदेपंडित, सैन्यात वरच्या हुद्द्यावर, आणि १८७३ साली स्वित्झर्लंडचे अध्यक्ष होते. तिथे सात जणांचं मंडळ देश चालवतं आणि अध्यक्षपद त्यांच्यात वर्षावर्षाने फिरतं. आपल्या कमिटीसारखंच म्हणा ना, फरक एवढाच की तिथे वर्ष संपलं की खुर्ची खरोखर रिकामी होते! अशा घरातला मुलगा. झुरिकच्या नामांकित पॉलिटेक्निकमधून इंजिनिअर झाला, डॉक्टरेट मिळवली, पुढे जर्मनीत ग्यॉटिंगेन आणि म्युनिकला शिकला. गणित आणि पदार्थविज्ञानात डोकं उत्तम चालायचं. प्राध्यापकी करून, सरोवराकाठी बंगला बांधून स्वस्थ बसता आलं असतं.

पण तिशीच्या सुमारास या माणसाने घर सोडलं आणि जगभर फिरला. अमेरिका, हवाई बेटं, जपान. कधी शिकवण्या केल्या, कधी अंगमेहनतीचं मिळेल ते काम, जपानात इंजिनिअर म्हणून नोकरी. १९१४ मध्ये तो परतला आणि पाठोपाठ पहिलं महायुद्ध पेटलं. याच सुमारास त्यांनी एक गोष्ट केली जी आपल्यापैकी कोणाच्याही घरात झाली असती तर नातेवाइकांची बैठक बसली असती. वडिलांकडून वारसाहक्काने आलेला पैसा त्यांनी सरकारला देऊन टाकला. मी कमावला नाही, मग माझा कसा, हा त्यांचा हिशोब. इंजिनिअरचा हिशोब, त्यात पळवाट नाही.

स्वित्झर्लंड युद्धात उतरलं नव्हतं, पण तिथे प्रत्येक धडधाकट पुरुषाला लष्करी सेवा सक्तीची होती. ज्याला प्रकृतीमुळे किंवा इतर कारणाने सूट मिळे, त्याला त्याऐवजी लष्करी कर भरावा लागे. सेरेसोल यांना सेवेतून सूट होती. कर भरला असता तर कोणी विचारलंही नसतं. पण १९१५ मध्ये जॉन बोद्राझ नावाच्या एका शाळामास्तराने बंदूक उचलायला नकार दिला आणि त्याला तुरुंगात टाकण्यात आलं. हे पाहून सेरेसोल अस्वस्थ झाले. एक साधा शिक्षक तुरुंगात जातो आणि आपण गुपचूप पैसे भरून मोकळे होतो, हे त्यांना पटेना. त्यांनी कर भरणं थांबवलं. मग दंड, मग काही दिवसांची कैद, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा तुरुंगात जातो याची त्या छोट्या देशात किती चर्चा झाली असेल याची कल्पना करा.

इथपर्यंतची गोष्ट ही एका तत्त्वनिष्ठ, थोड्याशा हट्टी माणसाची आहे. असे लोक सगळ्या देशांत असतात. ते नाही म्हणतात, शिक्षा भोगतात, आणि लोक त्यांना मान देऊन विसरून जातात. सेरेसोल यांचं वेगळेपण पुढे आहे. त्यांच्या ध्यानात आलं की नुसतं नाही म्हणून भागत नाही. सैनिक चिखलात झोपतो, ओझी वाहतो, जिवावर उदार होतो. लढायला नकार देणाऱ्याने तेवढेच कष्ट दुसऱ्या कशासाठी तरी करून दाखवले नाहीत, तर लोक त्याला भित्रा म्हणणार, आणि त्यात लोकांचं फारसं चुकत नाही.

युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये हॉलंडमधल्या बिल्टहोव्हन गावी वेगवेगळ्या देशांतले शांततावादी जमले. सेरेसोल त्या संघटनेचे सचिव झाले. पुढच्या वर्षी पुन्हा बैठक. भाषणं झाली, ठराव झाले. तेव्हा एक जर्मन माणूस उठला आणि त्याने सांगितलं की त्याचा भाऊ सैन्यात असताना उत्तर फ्रान्समध्ये गावं उद्ध्वस्त करण्याच्या कामात होता, आणि भावाने जे पाडलं ते आपल्याला हाताने परत उभं करायचं आहे. ठरावांच्या ढिगात ही एकच गोष्ट अशी होती की जी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करता येईल. सेरेसोल यांनी ती उचलली.

१९२० च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे ऐन थंडीच्या तोंडावर, एक छोटी टोळी फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या एस्न या खेड्यात पोहोचली. व्हर्दूनचं नाव इतिहासाच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. १९१६ मध्ये तिथे दहा महिने लढाई चालली आणि दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तीन लाख माणसं मेली. त्या रेट्यात एस्न गाव जवळजवळ पुसलं गेलं होतं. शेतात शेताएवढे खड्डे, मातीत न फुटलेले गोळे, विहिरी बुजलेल्या. मूळचे गावकरी परत येऊन मिळेल त्या आडोशाला राहत होते. टोळीत स्विस होते, डच होते, ह्यूबर्ट पॅरिस नावाचे अनुभवी इंग्रज क्वेकर होते, आणि जर्मनही होते. युद्ध संपून फक्त दोन वर्षं झालेली. ज्या घरातला मुलगा जर्मन गोळीने गेला त्याच्या दारात जर्मन माणूस फावडं घेऊन उभा, असा तो प्रकार.

त्यांनी आधी स्वतःसाठी लाकडी निवारा उभा केला, मग गावकऱ्यांसाठी. राडारोडा उपसला, खड्डे भरले, रस्ता नीट केला. रोजची मजुरी नाही, जेवणखाण साधं. ज्यांनी कधी बांधकामाच्या साइटवर थंडीत काम केलं आहे त्यांना कळेल, गोठलेल्या जमिनीत कुदळ मारली की मातीऐवजी मनगटालाच धक्का बसतो. (मी स्वतः सरकारी खात्यात बांधकामावर आयुष्य काढलं, पण महाराष्ट्रात. आपल्याला थंडीची नाही, चिखलाची सवय.) हिवाळा गेला, काही घरं उभी राहिली, गावातले काही लोक ओळखीचे झाले.

आणि मग ते मोडलं. जर्मन स्वयंसेवक गावात नकोत, अशी भावना वाढत गेली, वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत गेली. जर्मनांना परत पाठवा, बाकीच्यांनी राहायला हरकत नाही, असं सुचवण्यात आलं. इथे सेरेसोल आणि त्यांचे साथीदार अडले. जर्मन गेले तर मागे काय उरतं? फुकटात काम करणारी एक मजुरांची टोळी. ज्या कारणासाठी आलो तेच संपतं. १९२१ च्या वसंतात सगळी टोळी एकत्र निघून गेली. काम अर्धवट राहिलं.

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. बरेच चरित्रलेखक तो चार ओळींत उरकतात आणि पुढच्या यशाकडे वळतात. पण जरा गावकऱ्यांच्या बाजूने बघा. त्यांनी या लोकांना बोलावलं नव्हतं. मेलेल्या मुलाचं दुःख ताजं असताना शत्रूच्या देशातला कोणीतरी येऊन माझं घर बांधून देतो म्हणतो, आणि त्याचे उपकार मी घ्यायचे? राग यायला वाव आहे. दुसऱ्याला मदत करताना त्याला ती नको म्हणायचाही हक्क असतो, हे सेरेसोल यांना पहिल्याच खेपेला शिकायला मिळालं. त्यांनी तक्रार केली नाही आणि नादही सोडला नाही.

तीन वर्षांनी, १९२४ मध्ये, स्वित्झर्लंडमध्येच व्हेर-लेग्लीझ नावाच्या डोंगरातल्या गावावर हिमकडा कोसळला आणि तिथे दुसरी छावणी लागली. या वेळी छावणी चालवायला पुढे कोण आला? त्यांचा सख्खा भाऊ अर्नेस्ट, स्विस सैन्यातला अधिकारी. एक भाऊ लष्करी कर न भरता तुरुंगात जाणारा, दुसरा अंगावर गणवेश चढवणारा, आणि दोघं मिळून शिस्तीत दगड उचलतायत. घराघरांत मतभेद असतात, पण ते बाजूला ठेवून खांद्याला खांदा लावणारे भाऊ थोडे. सकाळी ठरल्या वेळी उठणं, कामाचे तास, हत्यारांची मोजदाद, हे लष्करी वळण या चळवळीला बऱ्याच अंशी तिथून लागलं. मुळात या सगळ्यामागचा एक हेतू असा होता की बंदूक नको म्हणणाऱ्या तरुणांना सरकारने लष्कराऐवजी अशी सेवा करू द्यावी. त्यासाठी हजारो सह्यांचा अर्ज स्विस संसदेकडे गेला होता. तो नामंजूर झाला. स्वित्झर्लंडमध्ये तशी सोय कायद्याने झाली ती १९९६ मध्ये, म्हणजे सेरेसोल जाऊन पन्नास वर्षं झाल्यावर.

छावण्या मात्र वाढत गेल्या. १९२७ च्या शरदात ऱ्हाईन नदीला पूर आला आणि लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या देशाची शेतं गाळाने, दगडगोट्यांनी भरली. १९२८ च्या उन्हाळ्यात तिथे सातशेहून जास्त स्वयंसेवक राबले. १९३० मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या लागार्द गावात, पुराने पडलेल्या घरांच्या कामाला लोक गेले. फ्रान्सने या वेळी त्यांना परत पाठवलं नाही. पुढच्या वर्षी वेल्समध्ये, कोळसा खाणी बंद पडून बेकार झालेल्या ब्रिनमाऊर गावात. संस्थेचं नाव सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल. तिचं सांगणं थोडक्यात असं की तोंड बंद ठेवा आणि हात चालवा.

आपल्या महिला मंडळाने विचारायच्या आत सांगून टाकतो, स्त्रियाही छावणीत होत्या. त्यांना भगिनी म्हणत आणि स्वयंपाक, धुणं, कपड्यांची डागडुजी हे त्यांच्याकडे असे. शंभर माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक हे खोदकामापेक्षा हलकं काम आहे असं ज्याला वाटतं त्याने आपल्या गणेशोत्सवातल्या महाप्रसादाच्या दिवशी किचनमध्ये तासभर उभं राहावं. जगात सगळी माणसं सारखी म्हणणाऱ्या चळवळीतही फावडं पुरुषाकडे आणि पळी बाईकडे, हे बदलायला वेळ लागला.

आता आपल्या देशाकडे येऊ. १९३१ च्या डिसेंबरमध्ये गोलमेज परिषद आटोपून परत येताना गांधीजी फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांना भेटायला स्वित्झर्लंडला गेले. लोझान आणि जिनिव्हात त्यांच्या सभा झाल्या. त्या दिवसांत सेरेसोल त्यांच्या सहवासात होते. ओळख झाली ती टिकली.

१५ जानेवारी १९३४. संक्रांतीचे दिवस, दुपारचे दोन वाजून गेलेले. उत्तर बिहार आणि नेपाळ यांना भूकंपाचा असा धक्का बसला की मुंगेर आणि मुजफ्फरपूर ही शहरं कोसळली. तीव्रता आठच्या आसपास. बिहारमध्ये सात हजारांवर आणि नेपाळ धरून दहा हजारांहून अधिक माणसं गेली. दुपारची वेळ होती, खेड्यातले लोक शेतात, उघड्यावर होते, म्हणून त्यातल्या त्यात कमी गेली. रात्री झाला असता तर काय झालं असतं, बोलवत नाही.

या भूकंपात एक गोष्ट अशी घडली जी बांधकामातल्या माणसाला आजही विचारात पाडते. गंगेच्या उत्तरेकडची सगळी जमीन नद्यांच्या गाळाची, खाली पाणी भरलेलं. हादऱ्यांनी ती वाळू आणि पाणी एकत्र होऊन पेजेसारखं पातळ झालं आणि भेगांतून उसळून वर आलं. मोठ्या पट्ट्यात घरं पडली नाहीत, ती खचली, तिरकी झाली, जमिनीत रुतली. शेतांवर वाळूचा थर पसरला, विहिरी वाळूने बुजल्या. आणि जमिनीची पातळीच बदलल्याने जी गावं पूर्वी पावसाळ्यात जेमतेम कोरडी राहत, ती आता पाण्यात जाऊ लागली. म्हणजे भूकंपात वाचलेलं घर पुढच्या पुरात जाणार. नुसती डागडुजी करून उपयोग नव्हता. अख्खं गाव उचलून उंचावर न्यायला हवं होतं.

राजेंद्रप्रसाद तेव्हा सरकारच्या कैदेत होते. भूकंपानंतर दोन दिवसांत सुटले आणि आजारी अंगाने त्यांनी बिहार मध्यवर्ती मदत समिती उभी केली. वर्ध्याचे जमनालाल बजाज तिथे कामाला गेले. जे. सी. कुमारप्पांनी हिशेब सांभाळले, आणि असे सांभाळले की कार्यकर्त्याच्या रोजच्या खर्चाला तीन आणे म्हणजे तीनच आणे, मग येणारा कितीही मोठा असो. आपल्या खजिनदारांनी हे वाचलं तर त्यांना बळ येईल.

सेरेसोल १९३४ च्या वसंतात पाहणीसाठी आले. वय ५४. गांधीजींना भेटले, राजेंद्रबाबूंना भेटले, पडलेली गावं पायाखाली घातली. परत युरोपात जाऊन पैसे आणि माणसं जमवली आणि वर्षअखेरीस पुन्हा हजर झाले. पुढच्या काळात जो विल्किन्सन, फ्रेझर हॉयलंड आणि पॉल शेंकर असे मोजके साथीदार. एकूण तीन खेपा, १९३७ पर्यंत.

आता सरळ प्रश्न विचारतो, जो कोणत्याही वार्षिक सभेत आपल्या मंडळींपैकी कोणीतरी नक्की विचारला असता. बिहारमध्ये मजुरांची वाण होती का? नव्हती. दिवसाच्या काही आण्यांवर राबणारी माणसं हजारोंनी होती आणि पीक बुडाल्याने त्यांना कामाची गरजही होती. मग एका स्विस माणसाच्या जहाजाच्या भाड्यात किती घरं झाली असती? नुसता आकडा काढला तर सेरेसोल यांनी घरीच राहून मनीऑर्डर करावी हे जास्त फायद्याचं ठरतं. परदेशात जाऊन घरं बांधणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला हा प्रश्न आजही लागू आहे, आणि तो टाळू नये असं माझं मत.

त्याचं उत्तर मला सेरेसोल यांच्या रोजच्या कामात सापडतं. त्यांचा पुष्कळ वेळ टोपल्या उचलण्यात गेलाच नाही. जमीन कोणती उंच, पुराचं पाणी कुठवर येतं, याची मोजमापं घेणं हे इंजिनिअरचं काम त्यांनी केलं. उंचावरची जमीन कोणाची तरी असतेच. ती मिळवायची म्हणजे कचेऱ्या, कागद, सह्या, पुन्हा कागद. ज्यांनी आपल्या सोसायटीचं कन्व्हेयन्स करताना चपला झिजवल्या त्यांना जास्त सांगायला नको. शिवाय तो काळ कसला? सरकार आणि काँग्रेस यांच्यात उभा दावा. सरकारी अधिकारी समितीकडे संशयाने बघणार, समितीची माणसं अधिकाऱ्यांच्या दारात जाणं टाळणार. सेरेसोल दोन्हीकडचे नव्हते, म्हणून दोन्हीकडे जाऊ शकत होते. त्यांनी दोघांनाही एकाच कामावर आणायचा प्रयत्न केला. ते परके होते याचा इथे खरा उपयोग झाला.

आणि हो, फावडंही धरलं. मुजफ्फरपूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने तोवर गोरा माणूस पाहिला होता तो घोड्यावर, मोटारीत किंवा कचेरीत. शेजारच्या चंपारणातले नीळवाले मळेवाले विसरायला काळ थोडाच लोटला होता. तसला गोरा माणूस उन्हात, अर्ध्या चड्डीत मातीकामाला लागलेला दिसणं ही गोष्ट चमत्कारिक होती. आणि फक्त गोऱ्यांबद्दल बोलून चालायचं नाही. आपल्याकडेही मातीकाम कोणी करायचं आणि कोणी नुसतं बघायचं हे जातीने ठरलेलं होतं. गावातल्या वरच्या जातीच्या माणसाला साहेबाच्या हातातलं फावडं जास्त बोचलं असेल, असं मला वाटतं.

अशा रीतीने उंचावर नवी वस्ती वसली तिचं नाव शांतिपूर. बांबू, माती, गवत, कौलं, म्हणजे तिथल्याच लोकांना वापरता येतील अशा वस्तू आणि तिथल्याच लोकांचे हात. युरोपियन धर्तीचं काही आणून बसवायचा मोह या लोकांनी टाळला हे मला महत्त्वाचं वाटतं. शांतिपूरनंतर आणखीही वस्त्यांचं काम झालं. लाखो लोकांचं नुकसान झालं होतं त्यापुढे हे काम लहानच. सेरेसोल यांनीही त्याचा डांगोरा पिटला नाही. तिथून त्यांनी जी पत्रं लिहिली ती पुढे फ्रेंचमध्ये पुस्तकरूपाने निघाली.

गांधीजींशी त्यांचं सगळंच पटत होतं असंही नाही. भूकंप ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असं गांधीजींनी म्हटलं होतं आणि त्यावर रवींद्रनाथ ठाकुरांनी जाहीर नापसंती दाखवली होती, हे सर्वांना माहीत आहे. तो देशभर गाजलेला वाद. सेरेसोल यांची अडचण वेगळी आणि मजेदार होती. आश्रमातल्या प्रार्थनेत तेच नाम, त्याच ओळी पुन्हा पुन्हा म्हणतात, याचा त्यांना कंटाळा यायचा. त्यांनी हे गांधीजींना स्पष्ट सांगितलं. बहुधा माझ्या गणिती स्वभावाचा दोष असेल, पण बाखच्या संगीतातसुद्धा एकच वाक्य फिरून फिरून आलं की मला ते भावत नाही, अशी त्यांची कबुली. गांधीजींनी त्यांना गणितातच गाठलं. तुमच्या गणितातही आवर्ती दशांश असतातच की, असं त्यांनी विचारलं. एक भागिले तीन करून बघा, तीन, तीन, तीन, संपतच नाही. हा संवाद १९३५ च्या मे महिन्यात हरिजन साप्ताहिकात छापून आला. आपल्याकडे रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणणाऱ्या आजी-आजोबांना हे उदाहरण आवडेल, आणि दहावीच्या मुलांना आवर्ती दशांश लक्षात ठेवायला सोपं जाईल.

१९३६ मध्ये ते क्वेकर झाले. शाळेत गणित शिकवून पोट भरणं, बाकी वेळ छावण्या, असं आयुष्य चाललं होतं. त्यांनी लग्नही उशिरा, साठी ओलांडल्यावर, १९४१ मध्ये केलं. पत्नीचं नाव लीझ. तोवर दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. रात्री दिवे झाकायचा सरकारी हुकूम त्यांनी मोडला, म्हणून पुन्हा तुरुंग. पुढे दोनदा ते एकटेच, परवानगीशिवाय सीमा ओलांडून नाझी जर्मनीत शिरले. कशासाठी? तिथल्या लोकांशी शांततेबद्दल बोलायला. अर्थातच पकडले गेले. इथे मला त्यांच्यामागे जाता येत नाही. हे धाडस होतं की वेडेपणा, मी ठरवू शकलेलो नाही. त्यांच्या जवळच्या माणसांनाही ते सोपं गेलं नसणार. या तुरुंगवासांनी प्रकृती ढासळली. २३ ऑक्टोबर १९४५ रोजी, युद्ध संपून काही महिने झाले असताना, लोझानजवळ त्यांचं निधन झालं. वय ६६.

संस्था त्यांच्यामागे चालू राहिली. युद्धानंतर युरोपात पुन्हा पडक्या गावांत छावण्या लागल्या, आणि या वेळी जर्मन तरुण त्यांत होते. भारतातही ती परत आली आणि १९५० च्या दशकात तिचे काही तरुण-तरुणी आपल्या महाराष्ट्रात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळ पोहोचले. तिथे खडकाळ, झुडपांनी भरलेल्या जमिनीवर बाबा आमटे आणि साधनाताईंनी दोन लहान मुलांना आणि काही कुष्ठरुग्णांना घेऊन आनंदवन नुकतं सुरू केलं होतं. गावातले लोक त्या बाजूला फिरकत नसत. रुग्णांनी पिकवलेली भाजी कोणी विकत घेत नसे. हे परदेशी पाहुणे तिथेच राहिले, रुग्णांबरोबर विटा-मातीचं काम केलं, इमारती उभ्या केल्या, आणि जेवताना तीच भाजी खाल्ली. वरोऱ्याच्या लोकांनी ते लांबून पाहिलं. मग हळूहळू कोणी आत येऊ लागलं, आणि आनंदवनची भाजी बाजारात खपायला लागली.